विंचवाचं बिऱ्हाड तळटीपेत

लातूर-धाराशिवकडचं जुनं माळवदाचं घर डोळ्यांसमोर आणा. दगडमातीच्या जाडजूड भिंती, डोक्यावर मातीचा थर आणि दगडादगडांमधल्या फटींत कायमचा अंधार. अशा एखाद्या फटीत करंगळीएवढा, तांबूस रंगाचा एक प्राणी दबा धरून बसलेला असतो. अंधार पडला की बाहेर येतो. कधी सरपणात, कधी कडब्याच्या पेंढीत, कधी आपल्या चपलेत. आपण त्याला लाल विंचू म्हणतो. शास्त्रज्ञांच्या दप्तरी त्याचं नाव ‘हॉटेन्टोटा टॅमुलस’.

या विंचवापासून जगाच्या विज्ञानात दोन रस्ते निघाले आहेत. एक रायगडातल्या महाड तालुक्यातून लंडनला गेला, दुसरा अमेरिकेतल्या एका औषधकंपनीतून जगभरच्या मेंदूच्या प्रयोगशाळांत. आणि गंमत अशी, की हे रस्ते नुसते कल्पनेतले नाहीत. कोण कुठून निघालं, वाटेत कुणाला भेटलं, कुणाच्या घरी उतरलं, याची पक्की नोंद आहे. ती नोंद वाचायची कशी, एवढंच आज बघायचं.

सुरुवात म्हणीपासून करू. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण सारखी बदली होणाऱ्या माणसाला म्हणतो. पण ही म्हण म्हणजे चोख निरीक्षण आहे, हे कधी लक्षात आलं होतं? विंचवाची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. ती पांढुरकी, मऊ पिल्लं आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथंच मुक्काम ठोकतात. (ती आईला खाऊन टाकतात, हे मात्र खोटं. ही बदनामी आता थांबवायला हरकत नाही.)

शोधनिबंधाचंही अगदी असंच असतं. कुठलाही निबंध उघडा आणि शेवटच्या पानावर जा. तिथं बारीक अक्षरात तीस, पन्नास, कधी शंभर नावांची यादी असते. अमक्याने हे आधी मोजलं होतं, तमक्याने ते आधी पाहिलं होतं. हे त्या निबंधाचं पाठीवरचं बिऱ्हाड. फरक एवढाच, की विंचवाच्या पाठीवर पोरं असतात आणि निबंधाच्या पाठीवर आई-बाप, आजे आणि पणजे. एका निबंधाने दुसऱ्याचा असा उल्लेख केला, की त्याला म्हणायचं सायटेशन. मराठीत ‘संदर्भ’ म्हणा, ‘दाखला’ म्हणा. मला ‘दाखला’ जास्त आवडतो.

आता एक साधा प्रश्न. निबंधाला आपले पूर्वज ठाऊक असतात, पण वंशजांचं काय? तुम्ही १९५० साली एक निबंध छापलात. पुढच्या दहा वर्षांत त्यावर कोण उभं राहिलं, हे कसं कळणार? तुमच्या निबंधात ते लिहिलेलं असणं शक्यच नाही, कारण ती माणसं तेव्हा कदाचित शाळेत होती. जगातला प्रत्येक नवा निबंध उघडून त्याची पाठ तपासायची, एवढाच मार्ग.

हे कुणी करेल असं वाटतं? एकाने केलं. यूजीन गारफील्ड त्याचं नाव. दक्षिण महाराष्ट्रात सुगीनंतर हेळवी येतात ना, नंदीबैल घेऊन, चोपडी उघडून तुमच्या खापरपणजोबापासूनची वंशावळ म्हणून दाखवतात? गारफील्ड हा विज्ञानाचा हेळवी. त्याला कल्पना सुचली ती वकिलांवरून. अमेरिकेत १८७३ पासून फ्रँक शेपर्ड नावाचा गृहस्थ डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायचा. अमुक निकालाचा आधार पुढे कुठकुठल्या खटल्यांत घेतला गेला, ते त्यांवर छापलेलं असे आणि वकील त्या आपल्या जाड पुस्तकांत चिकटवत. गारफील्डला वाटलं, हे निबंधांचं का करू नये? १९५५ साली त्याने ही कल्पना मांडली आणि १९६४ साली पाच जाडजूड खंड बाहेर काढले. ६१३ जर्नलं आणि सुमारे १४ लाख दाखले, सगळे उलटे करून लावलेले. आता कुठल्याही निबंधाचं नाव काढा आणि त्याची पोरंबाळं बघा!

हीच युक्ती पुढे कुठे गेली, सांगू? १९९८ साली स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी विचार केला, की एक वेबपान दुसऱ्या पानाकडे बोट दाखवतं, हाही एक दाखलाच. ज्या पानाला वजनदार पानांचे दाखले जास्त, ते वर. त्यातून गूगल उभं राहिलं. तुम्ही सकाळी सोयाबीनचा भाव शोधता, तेव्हा तळटीपा मोजण्याचीच युक्ती तुमच्यासाठी राबत असते.

चला, आता विंचवाच्या मागे जाऊ.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा एक मुलगा नागपूरला डॉक्टर झाला आणि १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात त्यांच्यासमोर विंचू चावलेली माणसं येऊ लागली आणि डोळ्यांदेखत मरू लागली. पुस्तकांत या मृत्यूवर ठोस उपाय नव्हता. हाताशी यंत्रं नव्हती. मग होतं काय? खाट, रोगी, नाडीवर बोट आणि वही. डॉक्टर खाटेपाशी बसून राहिले आणि काय आधी होतं, काय नंतर होतं, ते टिपत राहिले.

त्यांच्या लक्षात आलं, की हृदय बिघडण्याच्या आधी शरीर वर्दी देतं. उलट्या होतात. दरदरून घाम फुटतो. हातपाय बर्फासारखे गार पडतात. पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाला ताठरता येते. ही चिन्हं दिसली, की पुढच्या काही तासांत फुप्फुसांत पाणी होण्याचा धोका आहे, हे ओळखायचं. हा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. जगातल्या सर्वांत जुन्या आणि मानाच्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी हे एक. लेखक एकच, पत्ता कोकणातला.

पण या सगळ्या चिन्हांचा एकमेकांशी संबंध काय? उलटी पोटाची, घाम कातड्याचा, गारठा हातापायांचा. इथे खरी गंमत सुरू होते, कारण धागा मज्जातंतूंत आहे.

मज्जातंतूतून निरोप जातो तो विजेच्या झटक्यासारखा. तंतूच्या भिंतीत बारीक दारं असतात. निरोप आला की दार उघडतं, सोडियमचे कण आत घुसतात आणि सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागात दार आपोआप मिटतं. मिटतं म्हणून पुढचा निरोप स्वच्छ जातो. विंचवाच्या विषातले काही रेणू काय करतात? दार मिटू देत नाहीत. चोराने दाराच्या फटीत पाय घालावा, तसा. मग एका निरोपाच्या जागी निरोपांची सरबत्ती सुरू होते. शरीराचा जो भाग आपल्या इच्छेवाचून चालतो, हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, त्या सगळ्यांना एकाच वेळी ‘आग लागली, पळा’ असा हुकूम सुटतो. डॉक्टर याला स्वायत्त मज्जासंस्थेचं वादळ म्हणतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता थकतं आणि पाणी मागे फुप्फुसांत तुंबतं.

म्हणजे रोगी मरतो तो विषाच्या जळजळीने नाही, स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आरडाओरड्याने. मग उपाय कुठे शोधायचा? आवळलेल्या नळ्या सैल करणारं काहीतरी हवं. असं औषध रक्तदाबासाठी आधीच बाजारात होतं, प्राझोसिन. विंचवाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. बावस्करांनी ते विंचूदंशाच्या रोग्यांना दिलं आणि १९८६ साली त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा निबंध पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आला. आधी पश्चिम भारतात विंचूदंशाने फुप्फुसांत पाणी झालेल्या शंभरातले २५ ते ३० दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली आलं. गोळी, साधी तोंडाने घ्यायची गोळी!

गोष्ट इथे थांबत नाही. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याच दांपत्याचा आणखी एक निबंध आला. या वेळी चाचणी होती, ७० रोगी, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांच्या आत बरे झालेले: दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२, पहिल्यात ३५ पैकी ८. १९८२, १९८६ आणि २०११ ही तीन वर्षं ओळीने ठेवून बघा. आधी रोग ओळखला, मग माणूस वाचवला, मग त्याला लवकर घरी पाठवला. संशोधकाची प्रकाशनयादी वाचायची ती अशी. किती निबंध आहेत ते नंतर मोजा, आधी एक प्रश्न दुसऱ्याला जन्म देतोय का ते बघा.

आता दुसरा रस्ता. हाच विंचू, पण पात्रं वेगळी.

१९९० साली न्यू जर्सीतल्या ‘मर्क’ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी, काही सहकाऱ्यांसह, आपल्या या लाल विंचवाच्या विषातून एक इवलासा रेणू वेगळा काढला. फक्त ३७ मणी ओवलेली माळ. तिला नाव दिलं आयबेरिओटॉक्सिन. नावात भारताचा मागमूस नाही, पण माल आपलाच. हा रेणू सोडियमच्या दाराशी जातच नाही. मज्जापेशींत पोटॅशियम बाहेर सोडणारं एक प्रशस्त दार असतं, पेशी फार तापली की तिला गार करणारं. त्या दाराच्या तोंडात हा रेणू बाटलीतल्या बुचासारखा घट्ट बसतो. इतर जातींच्या दारांना सहसा हातही लावत नाही.

यात काय विशेष? समजा, तुम्ही मेंदूच्या पेशीवर प्रयोग करताय. पेशीत वीस जातींची दारं आहेत आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय, की हा जो विजेचा प्रवाह दिसतोय तो नेमका कुठल्या दारातून येतोय. घरात पाणी गळतंय, तर आपण एकेक नळ बंद करून बघतो ना? तसंच. थेंबभर आयबेरिओटॉक्सिन टाका. प्रवाह थांबला, तर ते दार सापडलं. ऐकू कसं येतं, रक्तवाहिनी सैल कशी होते, मज्जापेशी दोन निरोपांमध्ये श्वास कशी घेते, अशा किती तरी अभ्यासांत ‘आम्ही आयबेरिओटॉक्सिन वापरलं’ हे एक वाक्य असतं आणि त्या वाक्याच्या टोकाला दाखला असतो, १९९०. ज्याला आपण चपलेने ठेचतो, त्याच्या नांगीतून मेंदूवाल्यांना स्क्रू-ड्रायव्हर मिळाला!

एवढे दाखले झाले, तर मोजायचे कसे? लातूरला मोजणं नवं नाही. गुणांच्या टक्केवारीत दशांशचिन्हापुढच्या दोन आकड्यांवरून जिथे घरात सुतक किंवा पेढे ठरतात, तिथल्या वाचकाला आकड्यांचं महत्त्व मी काय सांगावं! शास्त्रज्ञांनाही असाच एक आकडा चिकटलेला असतो, एच-इंडेक्स. २००५ साली जॉर्ज हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तो काढला. कृती सोपी आहे, तुम्हीही करू शकता.

एका काल्पनिक संशोधकाचे सात निबंध घ्या. त्यांना मिळालेले दाखले उतरत्या क्रमाने मांडा: ९०, ४०, १२, ६, ५, ३, १. आता वरून मोजत या. पहिल्याला निदान एक दाखला आहे? आहे. दुसऱ्याला निदान दोन? आहेत. पाचव्याला निदान पाच? बरोबर पाच. सहाव्याला सहा? नाहीत, तीनच. थांबा. एच-इंडेक्स पाच. म्हणजे निदान पाच दाखले मिळालेले निदान पाच निबंध. एका निबंधाच्या जोरावर उडी मारता येत नाही आणि ढीगभर पोकळ निबंध छापूनही हाती काही लागत नाही. हुशार युक्ती आहे, मान्य करायलाच हवं.

पण जरा थांबून विचार करा. वरच्या ९० च्या जागी ९० हजार लिहा. एच-इंडेक्स किती? पाचच! जग हलवणारा एक निबंध या मापट्यात मावतच नाही. आणि असा निबंध खरोखर आहे. १९५१ साली सेंट लुईसच्या ऑलिव्हर लॉरी यांनी द्रावणातलं प्रोटीन मोजायची एक पद्धत लिहिली. त्या निबंधाचे दाखले तीन लाखांच्या वर गेले, विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक. लॉरींचा जीव खरा कशात होता, माहितीय? मेंदूतली एकच एक मज्जापेशी उचलून तिच्यातलं रसायन मोजण्यात. ते काम नाजूक, अवघड, थक्क करणारं. आणि नाव झालं ते मापट्यामुळे. पायली-अधोली बनवणाऱ्याचं नाव गावभर आणि त्याने पिकवलेली ज्वारी कुणी बघितलीच नाही, त्यातला प्रकार. ती पद्धत फार मोठी आहे असं खुद्द लॉरींनाही वाटत नव्हतं.

आकडा बाजूला ठेवून आता नावांचा क्रम वाचू. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या शुभा टोळे या मेंदूच्या घडणीवर काम करतात. त्यांच्या यादीत २००८ सालचा, ‘सायन्स’मधला एक निबंध आहे. लेखकांची नावं चौदा. पहिलं नाव मंगळे, टोळेंच्या प्रयोगशाळेतलं. टोळेंचं स्वतःचं नाव थेट शेवटून दुसरं. त्या मागे पडल्या का? उलट! जीवशास्त्रात पंगत उलटी बसते. पहिलं नाव ज्याने रात्री जागून प्रयोग केले त्याचं आणि शेवटची नावं ज्यांच्या प्रयोगशाळांत ते झाले त्यांची. इथे शेवटी दोन नावं आहेत कारण काम मुंबई आणि कॅलिफोर्निया अशा दोन घरांचं. हा क्रम ज्याला वाचता येतो, त्याला यादीतून माणसं दिसायला लागतात.

आणि त्या निबंधात सापडलं काय? उंदराच्या गर्भात मेंदूचं वरचं साल तयार होत असताना तिथल्या पेशी ‘आम्ही साल’ असं ठरवतात, ते एका जनुकामुळे, एलएचएक्स-२. ठरावीक वेळी ते जनुक काढून घ्या. पेशी मरत नाहीत, गोंधळतही नाहीत. त्या चक्क मुकादम होतात! आजूबाजूच्या पेशींना हुकूम सोडतात, ‘तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा’. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी रचणारा भाग. आणि शेजारी निमूटपणे ऐकतात. जिथे नसायला हवा तिथे हिप्पोकॅम्पस उगवतो. एका जनुकाची गैरहजेरी आणि मजुराचा मुकादम.

दाखल्याला कधी कधी किती वर्षं लागतात, ते बघायचंय? आता डोळे जरा या ओळीवर नीट टेकवा. तुम्हाला वाटतंय, की नजर सरळ, सलग सरकतेय. चूक! ती टुणटुण उड्या मारतेय, सेकंदाला तीन-चार. उडी इतकी चपळ, की मेंदू मधला धूसर भाग तुम्हाला दाखवतच नाही. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयातले मज्जारोगतज्ज्ञ नोशिर वाडिया यांना नऊ कुटुंबं अशी भेटली, की ज्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या तोल जाण्याचा रोग होता आणि डोळ्यांची ही उडी चक्क मंद झालेली होती. कडेला बघायला सांगितलं, तर नजर गोगलगाईसारखी निघे. हा रोग वेगळा आहे, असं वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या जर्नलमध्ये लिहिलं. तेव्हा जनुकं तपासायची सोय नव्हती. पंचवीस वर्षं उलटली. १९९६ साली तीन वेगवेगळ्या गटांनी त्या रोगाचं जनुक शोधून काढलं. मग १९९८ साली, वयाच्या सत्तरीपार, वाडियांनी सहा भारतीय घराण्यांची जनुकं तपासून पुन्हा ‘ब्रेन’मध्येच लिहिलं, की होय, मंद नजर हीच खूण. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच निबंधाचा दाखला देणं, यासारखा देखणा दाखला मी तरी पाहिलेला नाही. गेल्या पाच वर्षांच्या दाखल्यांवर माणसाची किंमत ठरवणाऱ्यांनी तो भिंतीवर लावावा.

नांदेडकरांनी एव्हाना विचारलं असेल, की आमच्या साप-मण्यारींचं काय? त्यांचा मान तर विंचवापेक्षा मोठा आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बहुतेकदा कळतही नाही. पहाटे पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. कारण मज्जातंतूने दिलेला निरोप स्नायूपर्यंत पोचतच नाही. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी अशा सर्पदंशांचा दहा वर्षांचा ग्रामीण अनुभव २००५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त मांडला. तालुक्याच्या गावातून आलेला हा निबंध.

आणि या मण्यारीची तैवानमधली चुलतबहीण? तिच्या विषातून चँग आणि ली या दोघांनी १९६३ साली एक रेणू काढला, अल्फा-बंगारोटॉक्सिन. स्नायूवरच्या ज्या कुलपात मज्जातंतूच्या निरोपाची किल्ली बसते, त्या कुलपाला हा रेणू असा चिकटतो, की सुटायचं नाव नाही. शास्त्रज्ञांनी याच चिकटपणाचा फायदा घेतला. १९७० मध्ये पॅरिसच्या झाँ-पिएर शांझो यांनी, तैवानच्या ली यांच्या साथीने, विजेचा झटका देणाऱ्या माशातून या रेणूच्या साहाय्याने ते कुलूपच ओळखून काढलं. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात कुणी ते कुलूप सशांना टोचलं, तर सशांच्या माना पडल्या, हुबेहूब मायस्थेनिया या रोगासारख्या. त्याच वर्षी दुसऱ्यांनी सापाच्याच विषाने मोजून दाखवलं, की मायस्थेनियाच्या रोग्यांच्या स्नायूंवर कुलपंच कमी उरलेली असतात. तैवानमधल्या सापापासून न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत पापणी उघडी ठेवायला धडपडणाऱ्या बाईपर्यंत फक्त दहा वर्षं आणि चार-पाच निबंध. ही साखळी कुणी आखलेली नव्हती. प्रत्येकाने फक्त मागच्याची पाठ वाचली.

एवढं सगळं कौतुक केल्यावर हेही बोललं पाहिजे, की या मोजणीने आपल्याकडे धिंगाणाही घातला. २०१० साली यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीला निबंधांचे गुण जोडले. एपीआय म्हणतात त्याला, कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारा. गुण म्हटल्यावर आपण मागे हटतो होय? पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, अशी जर्नलं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. २०१९ मध्ये त्यांना चाळण लावण्यासाठी यूजीसीला स्वतंत्र यादी करावी लागली. ज्यांचा दाखला कधी कुणी देणार नाही अशा निबंधांचे गठ्ठे कपाटांत पडून आहेत. माझ्या मते दोष त्या माणसांइतकाच मापट्याचाही आहे.

मापट्याचा दुसरा दोष जास्त खोल आहे. एखाद्या आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता बोंब मारत आलेल्या पोराला तरुण डॉक्टर प्राझोसिनची गोळी देतो. पोरगं सकाळी चहा मागतं. डॉक्टर निबंध लिहीत नाही, झोपायला जातो. या दाखल्याची नोंद कुठल्याच यंत्रात होत नाही. विंचवाच्या दोन रस्त्यांपैकी आयबेरिओटॉक्सिनचा वापर मुख्यतः प्रयोगशाळेत, म्हणजे निबंध लिहिणाऱ्यांच्या हातात, म्हणून त्याच्या वाटेवर पावलोपावली ठसे. प्राझोसिनचा वापर अर्धाअधिक अशा हातांत, ज्यांना लिहायला सवड नाही. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, ती काही एच-इंडेक्स बघून नव्हे.

(जाता जाता: त्याच प्राझोसिनला तिसराही रस्ता फुटला. युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची भयस्वप्नं या गोळीने कमी होतील का, हे तपासलं गेलं. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांनी हो म्हटलं, २०१८ च्या मोठ्या चाचणीने नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्या निबंधाचेही दाखले निघतात आणि मोजणारं यंत्र ‘हो’ आणि ‘नाही’ यांना सारखाच एक गुण देतं.)

लातूरचं नाव या जागतिक दप्तरात शोधलंत, तर विंचवाआधी भूकंप भेटेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात त्याच दगडी भिंती कोसळल्या, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि जो भूभाग स्थिर मानला जात होता तिथे हे घडलं कसं, यावर जगभर लिहिलं गेलं. ते निबंधही वाचा. पूर्वी वाचायचे म्हटले तर अंक मुंबई-पुण्याला. आता १ जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सुमारे १३ हजार जर्नलं सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना खुली झाली आहेत.

दाखल्यांची वंशावळ बघायला तर तेही लागत नाही, मोबाइल पुरे. आज रात्री गूगल स्कॉलर उघडा. बावस्कर हे आडनाव रोमन अक्षरांत टाका, बी-ए-डब्ल्यू-ए-एस-के-ए-आर, आणि पुढे इंग्रजीत स्कॉर्पियन. एखाद्या निबंधाखाली ‘सायटेड बाय’ आणि एक आकडा दिसेल. आकडा बघून थांबू नका, त्यावर बोट ठेवा. जी नावं उघडतील ती खालपर्यंत वाचा, कुठकुठल्या देशांतली आहेत बघा. मग त्यातल्या एकाच्या ‘सायटेड बाय’वर बोट ठेवा. आणि सकाळी बूट घालण्याआधी ते एकदा झटकायला विसरू नका.